जाब कोणाला विचारणार? एका व्हिडिओ गेममधील निवडीचा प्रकरण अभ्यास

या टिपणात ज्या प्रसंगाचा विचार केला आहे तो मे महिन्यातल्या तीन दिवसांत, कोथरूडमध्ये माझ्या बहिणीच्या घरी घडला. 'घडला' हे क्रियापद काहींना जड वाटेल, कारण प्रत्यक्षात दोन मुले संगणकासमोर बसून गेम खेळत होती आणि मी मागे आरामखुर्चीत बसून ते पाहत होतो. परंतु मी अनेक वर्षे महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवतो. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये मांडलेले सुटलेल्या ट्रॉलीचे उदाहरण (ती पाच जणांवर जाऊ द्यावी की एकट्यावर वळवावी) मी दरवर्षी फळ्यावर काढतो, आणि दरवर्षी विद्यार्थी एकाला मारावे की पाचांना, याचे उत्तर अर्ध्या मिनिटात देऊन घड्याळाकडे पाहू लागतात. ही दोन मुले मात्र पडद्यावरच्या एका उजाड गावाकडे पाहत बराच वेळ काही बोलली नाहीत. त्या गप्प बसण्याचे कारण शोधावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

खेळणाऱ्यांपैकी एक माझा भाचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला. दुसरा त्याचा शाळेपासूनचा मित्र. गेम होता 'द विचर ३: वाइल्ड हंट'. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो मे २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यातली कथासृष्टी आंद्रझेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर आधारलेली आहे. खेळणारा गेराल्ट नावाच्या, पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या माणसाची भूमिका घेतो, कोणाशी काय बोलायचे आणि कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे ठरवतो, आणि त्या ठरवण्याप्रमाणे कथा वळते. दोघांचे खेळ वेगळे साठवलेले होते. एक खेळत असताना दुसरा शेजारी बसून सल्ले द्यायचा.

प्रसंग असा. व्हेलेन हा युद्धाने नागवलेला दलदलीचा प्रदेश. तिथल्या क्रुकबॅक बॉग या पाणथळीत तीन जखिणींची सत्ता आहे. (मूळ शब्द वेगळा आहे, परंतु आपल्याकडे जखीण म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते त्यापेक्षा त्या फारशा निराळ्या नाहीत.) त्यांच्या आश्रयाला काही अनाथ मुले आहेत आणि त्या मुलांना सांभाळणारी, सगळे जिला 'आजी' म्हणतात अशी एक थकलेली बाई आहे. जखिणी त्या आजीच्या तोंडून बोलतात आणि गेराल्टला डाउनवॉरेन गावाच्या मुखियाकडे पाठवतात. मुखियाचे म्हणणे असे की जवळच्या टेकडीत काहीतरी आहे, ते माणसे मारते, त्याचा बंदोबस्त करा. टेकडीच्या पोटात, एका प्राचीन वृक्षाच्या मुळांत एक आत्मा जखडलेला असतो. तो म्हणतो, जखिणी त्या अनाथ मुलांना खाणार आहेत; मला सोडव, मी मुलांना वाचवीन. सोडवायचे असेल तर त्याची अस्थी, कावळ्याच्या जातीतल्या एका पक्ष्याचे पीस आणि माणसाळवलेला रानटी काळा घोडा एवढे आणून द्यावे लागते. सोडवायचे नसेल तर तलवार आहेच.

हा भाग पडद्यावर आला तो बुधवारच्या संध्याकाळी. माझी बहीण समोरच्या सोफ्यावर ताटात गवार मोडत बसली होती. झाडातला आत्मा बोलू लागला तशी तिने मान वर केली आणि म्हणाली, "हा तर मुंजाच की रे. पिंपळावरून उतरून इथे कुठे आला?" मुले हसली. मग तिने पडद्यावरचे संभाषण काय चालले आहे ते विचारून घेतले. भाच्याने इंग्रजीतले मराठीत करून सांगितले. ते ऐकून ती म्हणाली, "आणि मुलं पळून गेली, तर त्या आजीला जाब कोण विचारणार?"

"आई, ती एनपीसी आहे गं," भाचा म्हणाला. एनपीसी म्हणजे ज्या पात्राला खेळणारा चालवत नाही, संगणक चालवतो, असे पात्र. मीही त्या वेळी ताईला म्हणालो की खेळू दे त्यांना. हे नमूद करणे आवश्यक वाटते, कारण पुढच्या विवेचनात मी मुलांच्या नजरेतून काय सुटले ते सांगणार आहे, आणि तेव्हा माझ्या नजरेतूनही तेच सुटले होते.

भाच्याने आत्म्याला सोडवले. अस्थी शोधण्यात आणि घोडा वश करण्यात त्याचा पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास त्याला स्वतःविषयी फार चांगले वाटत होते. आत्मा घोड्यात शिरला आणि अंधारात दौडत निघून गेला. मित्राने आपल्या खेळात उलट केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की ज्याला कोणीतरी बांधून ठेवले आहे त्याला का बांधले हे कळेपर्यंत सोडू नये. त्याने आत्म्याला मारले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पुणेकरांना सांगायला नको की गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाते. त्या दिवशी ती सकाळी दहाला गेली आणि संध्याकाळी उशिरा आली. त्यामुळे निवड आणि परिणाम यांच्यामध्ये एक अख्खा दिवस आला. या मधल्या दिवशी भाचा आपण मुले वाचवली असे तीन वेळा बोलून दाखवत होता आणि मित्र काहीसा ओशाळलेला होता, कारण त्याच्या खेळात मुले नाहीशी झाल्याचे बुधवारीच दिसले होते.

शुक्रवारी परिणाम आले, आणि ते एकदम आले नाहीत. भाचा दुसऱ्याच कुठल्या कामासाठी घोड्यावरून डाउनवॉरेनमध्ये शिरला आणि गाव उद्ध्वस्त झालेले आढळले. सोडवलेल्या आत्म्याने गाव कापून काढले होते. मुले मात्र खरोखर वाचली होती; आत्म्याने शब्द पाळला होता. मग कथा फिलिप स्ट्रेंगर या सरदाराकडे वळली. हा दारुडा, बायकोला मारहाण करणारा, आणि आता ती निघून गेल्यावर तिचा शोध घेणारा माणूस. गेममध्ये लोक त्याला 'ब्लडी बॅरन' म्हणतात. त्याची हरवलेली बायको अॅना म्हणजेच ती आजी. नको असलेल्या गर्भातून सुटका व्हावी म्हणून तिने जखिणींशी करार केला होता आणि बदल्यात ती त्यांची चाकरी करत होती. मुले हातची गेली म्हणून जखिणींनी तिला शिक्षा केली आणि तिची पाणथळातली हडळ करून टाकली. शाप उतरवला तरी ती वाचत नाही. बॅरन झाडाला गळफास घेतो.

त्या झाडाचे दृश्य पडद्यावर असताना ताई चहा घेऊन आली. ती काही बोलली नाही. भाचाच तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू विचारलं होतंस."

मित्राच्या खेळात गाव शाबूत राहिले, मुले गेली, अॅनाला वेड लागले पण ती जिवंत राहिली, आणि बॅरन तिला दूरच्या डोंगरातल्या एका वैद्याकडे घेऊन निघाला. एखाद्याला हा शेवट त्यातल्या त्यात बरा वाटेल. परंतु मुलांचे काय, हा प्रश्न मित्राने स्वतःच उपस्थित केला, आणि त्याला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

शुक्रवारी रात्री जेवताना या दोघांमध्ये जो वाद झाला त्याचा सारांश दोन वाक्यांत मावतो. भाचा म्हणत होता, "मला माहीतच नव्हतं." मित्र म्हणत होता, "मला निदान माहीत होतं." एकाने अज्ञान ढालीसारखे पुढे धरले होते, दुसऱ्याने ज्ञान. नीतिशास्त्रात या दोन्ही ढाली जुन्या आहेत आणि दोन्हींना भोके आहेत. ज्याला परिणाम आधीच दिसतो पण हवा नसतो, त्याचे दायित्व आणि ज्याला परिणाम दिसतच नाही त्याचे दायित्व एकाच मापाने मोजता येत नाही. मराठीत आपण या दोहोंना सरसकट 'अनपेक्षित परिणाम' म्हणून मोकळे होतो, आणि तिथे घोटाळा सुरू होतो. मित्राच्या बाबतीत मुलांचा मृत्यू अनिष्ट होता, अनपेक्षित नव्हता. आत्म्याने त्याला तो स्पष्ट सांगितला होता. भाच्याच्या बाबतीत गावाचा आणि अॅनाचा अंत अनपेक्षित होता. प्रश्न असा की तो अनपेक्षित असायला हवा होता काय?

गेमने त्याच्यापुढे काय ठेवले होते ते मी नंतर त्याच्याबरोबर बसून पुन्हा पाहिले. टेकडीतले ते 'काहीतरी' माणसे मारते, हे मुखियाने पहिल्याच भेटीत सांगितले होते. आत्म्याने मुलांविषयी वचन दिले होते. गावाविषयी त्याने एक शब्दही उच्चारला नव्हता, आणि भाच्यानेही विचारले नव्हते. आजी जखिणींची बांधील आहे हे तर तिच्या तोंडून जखिणी बोलतात यावरूनच उघड होते. ही आजी म्हणजेच बॅरनची बायको, हे मात्र पुढे कळते. तेवढे त्याला ठाऊक असण्याची अपेक्षा करता येणार नाही. परंतु ती कोणाची बायको आहे हे ठाऊक नसले तरी ती मुलांची राखण करते आणि तिचे मालक क्रूर आहेत, एवढे पुरेसे होते. ताईला तेवढ्यावरच कळले.

ताईला का कळले, याचे उत्तर तिच्या नोकरीत आहे. ती निवृत्त होईपर्यंत बावीस वर्षे मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर होती. मुली रात्री उशिरा परतल्या की दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनापुढे मुली उभ्या राहत नसत. फाटकावरच्या वॉचमनमामांचा पगार कापला जाई आणि खुलासा रेक्टरकडून लेखी मागितला जाई. एकदा ताईने कनवाळूपणाने चार मुलींना गणपती बघायला लक्ष्मी रस्त्यावर जाऊ दिले. मुली सुखरूप आल्या, आणि वॉचमनची दोन दिवसांची रजा बिनपगारी झाली. तेव्हापासून कोणाला सोडायचे म्हटले की तिच्या मनात पहिला विचार फाटकावर कोण उभे आहे हा येतो. मुलांना 'अनपेक्षित' वाटलेला परिणाम तिला केवळ अपेक्षितच नव्हे, तर नेहमीचा होता.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या कृतींच्या अनपेक्षित परिणामांवर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयात वाचला जातो. अज्ञान आणि चूक ही कारणे त्यात आहेतच. पण त्याने आणखी एक कारण सांगितले आहे: माणूस समोरच्या, तातडीच्या गोष्टीत इतका गुंततो की बाकीचे परिणाम विचारात घेण्याचेच राहून जाते. हे कारण आपण सहसा लोभी माणसाला लावतो. या प्रकरणात ते एका भल्या मुलाला लागू पडते. मुले वाचवण्याची इच्छा इतकी तातडीची आणि इतकी निर्दोष होती की तिच्या उजेडात आजी आणि गाव दोन्ही अंधारात गेले. माझ्या मते व्हेलेनच्या या प्रसंगाचे खरे कसब इथे आहे. दोन्ही पर्याय वाईट आहेत असे दाखवणे फारसे अवघड नाही. चांगुलपणाच नजर अरुंद करतो हे खेळणाऱ्याच्या हातून घडवून दाखवणे अवघड आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. कौशिक नदीकाठी राहणारा तपस्वी, सत्यच बोलायचे असे त्याचे व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसे वनात लपली. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारले. त्याने खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. तिथेच दुसरी कथा बलाक नावाच्या व्याधाची आहे. त्याने आंधळ्या आईबापांच्या पोटासाठी एक आंधळे श्वापद मारले, आणि ते श्वापद सर्व प्राण्यांचा नाश करायला निघालेले होते असे निघाले. बलाक स्वर्गात गेला. बलाकाला आपण काय केले हे ठाऊकही नव्हते. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ज्याला नैतिक नशीब म्हटले, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपला न्याय होणे, ते बलाकाच्या कथेत उघड दिसते. कौशिकाचे तसे नाही. दरोडेखोर वाट कशासाठी विचारत आहेत हे त्याला कळायला हवे होते, आणि कथाही त्याला नशिबाचा बळी मानत नाही. भाचा बलाकापेक्षा कौशिकाच्या जवळचा आहे, असे मी त्याला सांगितले. त्याला ते आवडले नाही.

येथे इतर गेमांशी तुलना केल्याशिवाय या प्रसंगाची जात कळणार नाही. रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा ४' मध्ये, म्हणजे १९८५ मध्येच, एका आंधळ्या दुकानदाराला ठरलेल्यापेक्षा कमी पैसे देता येत असत. ही लबाडी त्या वेळी कोणी पकडत नसे, पण खेळणाऱ्याचा प्रामाणिकपणा आतल्या आत घटत असे आणि त्यामुळे पुढे खेळ अडून बसे. म्हणजे परिणाम उशिरा येतो ही युक्ती जुनी आहे. मात्र तिथे चूक आणि बरोबर याबद्दल शंका नव्हती. त्यानंतरच्या अनेक गेमांनी चांगुलपणाचे गुण मोजणारा काटाच पडद्यावर आणला, आणि त्यामुळे लोक नीती सोडून काटा पाहू लागले. २००४ च्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' मध्ये एका भिकाऱ्याला पैसे दिले तर त्याला लुटले जाते, न दिले तर तो दुसऱ्याला लुटतो, आणि बरोबरची वृद्धा क्रेया दोन्ही वेळा खेळणाऱ्यालाच झापते. हा प्रसंग चतुर आहे, पण मला तो किंचित लबाड वाटतो. खेळणाऱ्याने काहीही केले तरी लेखकाचे व्याख्यान तयारच असते. 'फॉलआउट ३' (२००८) मधल्या टेनपेनी टॉवरची गोष्ट व्हेलेनच्या अधिक जवळची आहे. बाहेर ठेवलेल्या विद्रूप लोकांना इमारतीत सलोख्याने जागा मिळवून द्यावी, सर्वांनी आनंदाने राहावे, आणि काही दिवसांनी परत जावे तर मूळचे रहिवासी मेलेले. त्या विद्रूप लोकांच्या म्होरक्याचा राग आधी दिसत होता, एवढी खूण तिथेही आहे, पण ती फार पुसट आहे.

खेळ बनवणाऱ्यांनाही ही भीती असते की भला खेळणारा दुखावला जाईल. पहिल्या 'फॉलआउट'च्या (१९९७) मूळ आराखड्यात जंकटाउन नावाच्या वस्तीत कायदा पाळणाऱ्याला साथ दिली तर गाव पुढे जाचाखाली जाई आणि जुगारअड्डेवाल्याला साथ दिली तर भरभराटीला येई. प्रसिद्ध करताना ते उलटवून सरळ केले गेले. व्हेलेनमध्ये ते धैर्य टिकले, आणि त्याचे श्रेय खुणा आधीच पेरण्याला दिले पाहिजे. खुणा नसत्या तर तो प्रसंग क्रेयाच्या भिकाऱ्यासारखा नुसता चिमटा झाला असता.

आता या प्रकरणाचा जो भाग मला अजून सुटलेला नाही, त्याकडे येतो. शनिवारी सकाळी कळले की भाचा रात्री दोनपर्यंत जागा होता. त्याने बुधवारी साठवलेली जागा उघडून आत्म्याला मारले आणि मित्राने पाहिलेले सगळे स्वतः पाहिले. मग ती फाइलही ठेवली आणि पहिलीही ठेवली. मी त्याला म्हणालो की मागे जाऊन दुसरा पर्याय घेतला की निवड ही निवड राहत नाही, ती किंमतपत्रक होते. २०१५ च्याच 'अंडरटेल' या गेममध्ये एखाद्याला मारून, मागे जाऊन, मग त्याला सोडले तर गेममधलेच एक पात्र ते लक्षात ठेवते आणि खेळणाऱ्याला त्यावरून टोमणा मारते. तो टोमणा मला योग्य वाटतो. पहिल्या 'विचर'ने (२००७) तर परिणाम पुढच्या प्रकरणात ढकलून मागे जाणे जवळजवळ निरुपयोगी केले होते: पहिल्या प्रकरणात पेट्या कोणाला दिल्या याचे फळ इतक्या उशिरा मिळे की परत जायला तासन्‌तासांचा खेळ टाकून द्यावा लागे.

भाच्याचे उत्तर असे होते: "मामा, कौशिकाकडे सेव्ह फाइल नव्हती म्हणून तो नरकात गेला. माझ्याकडे आहे, तर मी बघू नको का, की आजीला वाचवायला काय लागलं असतं?" मी त्याला सांगितले की या दोन वाटांपैकी एकीवरही आजी धड राहत नाही, एकीवर मरते आणि दुसरीवर वेडी होते. तो म्हणाला, "तेच तर बघितलं मी. आधी वाटत होतं मी चूक केली. आता वाटतं, मी चूक केली ती सोडवण्यात नाही, न विचारण्यात केली. हे दुसऱ्यांदा खेळल्याशिवाय कळलं नसतं."

हा युक्तिवाद मला पूर्णपणे खोडता आला नाही. मागे जाणे ही पळवाट आहे असे मी वर्गात सांगत आलो आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती पळवाटच असते. ते चांगला शेवट मिळेपर्यंत मागे जातात आणि मिळाला की थांबतात. हा चांगला शेवट नाही हे कळल्यावरही दोन्ही फायली ठेवणारा मुलगा मी प्रथमच पाहिला. त्याचा मित्र मात्र एकदाही मागे गेला नाही. "जे केलं ते केलं," एवढेच तो म्हणतो, आणि या वाक्यात हिंमत किती आणि कंटाळा किती हे मला ठरवता आलेले नाही.

मित्राने जून संपेपर्यंत गेम पूर्ण केला. भाच्याच्या दोन्ही फायली अजून व्हेलेनच्या पुढे सरकलेल्या नाहीत. परवा ताईने त्याला विचारले, की त्या गावात माणसे किती होती. त्याला सांगता आले नाही, आणि तिने पुन्हा विचारले नाही.